शेजारची चौकट

दाजी,

गेल्या गुरुवारी सकाळी साडेनऊला मी तुमच्या खोलीत आलो आणि आधी खिडकीचा पडदा लावला. ताईनं तो पाच आठवडे उघडा ठेवला होता, खोलीत हवा खेळावी म्हणून. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पाव्हणं, उजेड बदलला की शेड बदलली." कारखान्यात गाड्यांच्या बंपरच्या रंगाची शेड एकोणतीस वर्षं एकाच उजेडात तपासलेला माणूस घरीही पडदा लावूनच बसणार. मी कॉम्प्युटर चालू केला. तुमची खुर्ची रिकामी होती, तरी मी बाजूच्या स्टुलावरच बसलो. मला स्क्रीन त्याच कोनातून बघायची सवय आहे.

तुम्हाला एक निकाल कळवायचा आहे, म्हणून हे लिहितो. तुम्ही कुठे शिकलात, कुठल्या साली नोकरीला लागलात, हे सगळं दहाव्याला आळंदीच्या घाटावर दोन जणांनी भाषणात सांगितलं. त्यातली दोन सालं चुकीची होती. मी दुरुस्त करायला उठणार होतो, पण ताईनं डोळ्यांनीच बसवलं.

त्याच घाटावर माझ्याकडून एक शब्द दिला गेला. तो का दिला ते सांगायचं तर गुरुवारांपासून सुरुवात करावी लागेल.

आपल्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. तुम्ही निवृत्त झालात तरी तुमचा आठवडा गुरुवारीच संपायचा. दर गुरुवारी तुम्ही नोंद करायचात त्या वहीप्रमाणे आपण दोघं त्या खोलीत एकशे बेचाळीस गुरुवार बसलो. मी दोनदा मोजले. सुरुवात मला नीट आठवते. तुमच्या मोबाईलवर कुणीतरी एका दीर्घिकेचं चित्र पाठवलं होतं. लोक असल्या चित्राला नमस्काराचा हात लावून पुढे पाठवतात. तुम्ही मोबाईल माझ्यापुढे धरून विचारलंत, "ह्यो निळा कुणी मारला?"

मी शोधून, वाचून सांगितलं. अवकाशातली दुर्बीण सगळं काळ्या-पांढऱ्यातच टिपते. एका फिल्टरमधून एक प्रतिमा, दुसऱ्यातून दुसरी. रंग पुढे माणसं देतात. आणि या कच्च्या प्रतिमा काही काळानं सगळ्यांसाठी खुल्या होतात, कुणीही उतरवून घ्याव्यात.

"कुणीबी म्हंजी आपणबी?"

"नियमाप्रमाणे, हो."

"मग बसू की."

इंग्रजी सूचना मी वाचायच्या, शेड तुम्ही ठरवायची, अशी वाटणी झाली. पहिलं भांडणही तिथेच झालं. मी म्हणत होतो, रंग दिला की ते माप राहत नाही, नुसतं चित्र होतं. तुम्ही म्हणालात, "गाडीचा पत्रा करडाच येतो. म्हणून लाल गाडी खोटी व्हय?" मी म्हणालो, लाल गाडीला कुणी शोध म्हणत नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग कुठला लाल कुठून आला ते लिवून ठिवा. आमच्याकडं परत्येक शेडला नंबर असतो." त्या दिवसापासून वहीत प्रत्येक रंगापुढे त्याचा फिल्टर लिहिला गेला. भोसरीच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं गेज, म्हणजे मापं घ्यायची साधनं, तपासतो. इतक्या सरळ नोंदी मी फार थोड्या ठिकाणी पाहिल्या आहेत. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही.

दीर्घिकेभोवती वायू असतो, हे मला पुस्तकी भाषेत कळलं होतं. पटलं तुमच्यामुळे. ताऱ्यांच्या स्फोटांनी तो बाहेर फेकला जातो, त्यातला काही परत खाली पडतो आणि त्यातून नवे तारे होतात, असं मी वाचून दाखवत होतो. तुम्ही मध्येच हात वर केलात. "थांबा. ह्यो तर आमचा बूथ झाला." मग तुम्ही तुमची ती रंग मारायची बंद खोली समजावलीत. बंपरवर रंग मारताना सगळा रंग बंपरवर बसत नाही. बराचसा हवेत उडतो, बूथच्या पाण्याच्या पडद्यात जातो, खाली वाहतो. बघणाऱ्याला फक्त चकचकीत बंपर दिसतो. "पन किती रंग लागला ह्ये इचारलं, तर उडालेला धराया नको? जॉबवर बसला तेवढाच रंग, आसं न्हाई ना." मी म्हणालो, उदाहरण अंदाजे बरोबर आहे. "अंदाजे तर अंदाजे," तुम्ही म्हणालात, "पाव्हण्यांनी बरोबर म्हटलं ह्येच लई झालं."

मग ती आडवी दीर्घिका मिळाली. कडेनं दिसणारी, भाकरी उभी धरून धारेकडून बघावी तशी. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला कोट्यवधी वर्षं लागतात. हायड्रोजन वायूचा उजेड तेवढा आत सोडणाऱ्या फिल्टरमधली तिची प्रतिमा तुम्ही उघडलीत आणि खुर्ची पुढे ओढलीत.

"पाव्हणं, वरच्या अंगाला धूर हाय."

मला काही दिसलं नाही.

"दोन पट्टे. वर उठल्यात. आनि हितं खाली उजवीकडं एक गोळा हाय."

"आधी वजाबाकी करू," मी म्हणालो.

ही वजाबाकी माझं काम होतं. दुर्बीण पृथ्वीच्या हवेबाहेर असली तरी तिच्या प्रतिमेतलं आकाश पूर्ण काळं नसतं. सूर्याभोवतीच्या धुळीवरून थोडा उजेड येतो, थोडा कॅमेऱ्याचा स्वतःचा असतो. म्हणून चित्रात जिथे काहीच नाही अशी जागा निवडायची, तिथला आकडा शून्य मानायचा आणि तेवढा सगळीकडून वजा करायचा. मी दीर्घिकेच्या वर डावीकडे दोनशे बाय दोनशे ठिपक्यांची एक चौकट आखली आणि वजाबाकी केली. पट्टे गेले. गोळा अगदी फिका झाला.

"धूर कुठं गेला?"

"तो नव्हताच. वजाबाकीनंतर जे उरत नाही तो नॉइज. कॅमेऱ्याचा गोंधळ."

"मला दिसला."

"दिसणं म्हणजे माप नव्हे, दाजी."

हे मी कुणाला म्हणालो? तुमच्या कंपनीत शेड मोजायचं यंत्र आलं, त्यानं पास केलेले बंपर तुम्ही नुसते बघून परत पाठवायचात, आणि तुमच्या साहेबांनी शेवटी यंत्राच्या अहवालाखाली तुमची सही लागेल असा नियम केला. हे मला माहीत होतं. तरी म्हणालो. तुम्ही रागावला नाहीत. तुमचा तो शब्द म्हणालात, "बघू." होकार नाही, नकार नाही. त्या शब्दाचा मला फार राग यायचा.

तेच चित्र मोठं करून ताईच्या शाळेत लावायचं ठरलं. ती निवृत्त होण्याआधी तिला तिथं काहीतरी द्यायचं होतं. चार फूट बाय तीन फूट. छपाईवाल्याकडे आपण तिघं गेलो होतो. तुम्ही त्या ऑपरेटरला म्हणालात, "दादा, काळा पुरा नको. जरा उघडा ठिव."

मी म्हणालो, "पूर्ण काळा. जे सिद्ध नाही ते शाळेत लावायचं नाही."

ऑपरेटर वैतागला. "काका, एकच कोण ते ठरवा. तुम्ही भाऊ-भाऊ का?"

"न्हाई," तुम्ही म्हणालात, "ह्ये बायकोचे भाऊ. ह्यांचंच ऐक."

चित्र छापून आलं. तुम्ही ते हातभर अंतरावरून बघितलंत, मग दोन पावलं मागे जाऊन बघितलंत आणि म्हणालात, "लई सोच्छ झालंय." मी ती शाबासकी समजलो. वहीत त्या दिवशी तुमची नोंद एका ओळीची आहे: चित्र लागले, धूर नाही.

पुढे तो विषय आपण काढला नाही. दुसऱ्या दीर्घिका उघडल्या, दुसरी भांडणं केली. मग आजारपण आलं आणि गुरुवारी मी नुसता गप्पा मारायला येऊ लागलो.

घाटावर पिंड ठेवले तेव्हा कावळे समोरच्या पत्र्यावर बसून होते. पाच मिनिटं झाली, आठ झाली. तुमच्या थोरल्या भावांनी हात जोडून सांगितलं, "घरादाराचं समदं आमी बघतो, काळजी करू नगं." कावळे हलले नाहीत. पुतण्या म्हणाला, "काका, काकीला एकटं पडू देणार नाही." तरी नाही. ऊन चढत होतं. ताईनं मला कोपरानं ढोसलं.

"बाळू, तू बोल."

"मी काय बोलू?"

"तुमचं ते धुराचं राहिलंय."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण ताईच्या चेहऱ्याकडे बघून पुढे झालो आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणालो, "दाजी, ते चित्र मी पहिल्यापासून परत तपासतो. माझं चुकलं असेल तर चुकलं म्हणून लिहून देतो." माणसं एकमेकांकडे बघू लागली. साधारण चाळीस सेकंदांनी कावळा खाली उतरला आणि शिवला. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय त्याच सुमाराला शेजारच्या मंडळींनी त्यांच्या पानावर भजी वाढली होती, कावळे मुळात तिकडेच निघाले असावेत. पण शब्द दिला तो दिला.

म्हणून गेल्या गुरुवारी आलो. मापातली चूक शोधताना जुन्या नोंदीपाशी जातो, तसाच आधी वहीपाशी गेलो. शाळेत चित्र लागल्यानंतरचा गुरुवार काढला. त्या दिवशी मी चाकणला एका कारखान्यात गेज तपासायला गेलो होतो, आलो नव्हतो. तुम्ही एकटेच बसला होतात. नोंद तुमच्या बारीक अक्षरात आहे. आधी एका फाइलचा लांबलचक नंबर, आणि पुढे: "शेजारची चौकट. त्याच दिवशीची. झिरोसाठी. पाव्हण्यांनी मागितली की द्यायची."

मी ती ओळ वाचली आणि मला सगळं कळलं. कॉम्प्युटरवर काही करायच्या आधीच कळलं.

माझ्या टेबलाच्या वर भिंतीवर एक पाटी आहे, माझ्याच अक्षरातली. "झिरो मास्टरवर, जॉबवर नाही." नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. गेजचा काटा शून्यावर आणायचा तो ज्याचं माप आधीच पक्कं आहे अशा तुकड्यावर ठेवून. जॉबवरच, म्हणजे तपासायला आलेल्या तुकड्यावरच, शून्य धरलं, तर जॉबमध्ये जे जास्तीचं आहे ते शून्यातच जमा होतं, आणि पुढे कितीही मोजा, दिसत नाही. ती दीर्घिका एवढी मोठी आहे की जवळजवळ सगळी प्रतिमा तिनंच व्यापली आहे. जिथे काहीच नाही अशी जागा त्यात नव्हतीच. मी चौकट आखली ती तिच्या अंगणात, नेमकी धुरावर. धुराचाच आकडा शून्य मानला, आणि सगळीकडून वजा केला.

तुम्ही त्यावर उपायही शोधून ठेवला होतात. त्याच दिवशी दुर्बिणीनं जरा बाजूला वळून घेतलेली दुसरी प्रतिमा. तोच कॅमेरा, तोच फिल्टर, कॅमेरा उघडा ठेवला तो वेळही तोच, आणि दीर्घिका चौकटीच्या पार बाहेर. शून्यासाठी याहून चांगला मास्टर मिळाला नसता. फाइल उतरवलेली होती. एकदाही उघडलेली नव्हती.

ताई भाजी निवडत होती. मी विचारलं, "दाजींना कधी कळलं होतं हे?"

"कोणतं?"

"माझी वजाबाकी चुकली ते."

"चित्र लागलं त्याच आठवड्यात." तिनं मान वर केली नाही. "मी म्हटलं, सांगा की त्याला. तर म्हणाले, 'सांगितलं तर लगीच मान्य करंल, आनि मंग तीन गुरुवार तोंड दावायचा न्हाई. धूर काय पळून चाललाय व्हय? सापडंल त्याचा त्याला.'"

"तीन नाही," मी म्हणालो.

"मला माहितीय. टाकीच्या वेळी पाच झाले होते."

तुमच्या गच्चीवरच्या टाकीचं माप मी चुकवलं होतं, टाकी जिन्यातून वर जाईना. पाच आठवडे मी इकडे फिरकलो नव्हतो. तुम्ही ते लक्षात ठेवलं होतं, आणि चित्र काळं राहिलेलं चालेल पण गुरुवार मोडायला नको, असं ठरवलं होतं. ही निवड मी केली नसती. मी माप निवडलं असतं. 

मग काम केलं. शेजारच्या चौकटीतून शून्य घेतलं, ताऱ्यांचा उजेड वेगळ्या फिल्टरच्या प्रतिमेवरून काढून टाकला, उरला तो वायू. तुम्ही सांगितले होते ते दोन पट्टे वरच्या बाजूला आहेत. दीर्घिकेच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत जातात. एकदा करून माझा विश्वास बसत नाही, म्हणून शून्याची जागा बदलून तीनदा केलं. नॉइजच्या तुलनेत 6.1 पट, 5.8 पट, 6.0 पट. आमच्याकडे तीन पटीला आम्ही मान्य करतो. धूर आहे, दाजी. तुम्हाला वजाबाकीच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी दिसला होता.

ताईला बोलावून दाखवलं. पदराला हात पुसत ती उभी राहिली. "हेच म्हणत होते ना ते?"

"हेच."

"मग मला दिसत होतं," ती म्हणाली. "तेव्हाही. मी बोलले नाही, म्हटलं तुम्ही दोघं जाणते."

आमच्या कामात एक रीत आहे. नापास केलेल्या जॉबला लाल टॅग बांधतात. पुढे जॉब चांगला निघाला तर टॅग दुसऱ्या कुणी काढायचा नाही. ज्यानं बांधला त्यानंच कारण लिहून, सही करून काढायचा. मी तुमची वही पुढे ओढली आणि "धूर नाही" या तुमच्या ओळीखाली लिहिलं: शून्य चुकीच्या जागी धरले होते. चूक माझी. धूर आहे. खाली सही केली. नवं चित्र छापायला टाकलं आहे. त्या ऑपरेटरला म्हणालो, काळा पुरा नको. त्यानं मला ओळखलं. "ते दुसरे काका कुठायत?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं स्क्रीनवर काळा स्वतःच थोडा उघडला, आणि बरोबर तेवढाच उघडला.

जुनं चित्र शाळेतून काढणार नाही. दोन्ही शेजारी लावायची असं ताई म्हणते, आणि माझं तेच मत आहे. खाली लिहायचं की पहिल्यात काय चुकलं.

आणखी एक सांगायचं राहिलंय, ते मोजून सांगता येत नाही. बार्शीहून मी आलो तेव्हा तुमच्या एका खोलीत दोन वर्षं सात महिने राहिलो. तुमचं नवं लग्न, स्वयंपाकाच्या ओट्याखाली माझी वळकटी. कधी जाणार हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मला ते जगाचं साधं, सपाट आकाश वाटायचं. सगळ्यांच्या घरी असंच असतं असं धरून चाललो. तेही शून्य मी चुकीच्या जागी धरलं होतं, हे आता दिसतं. आभार मानले नाहीत तेव्हा. घरातल्या माणसाचे मानत नाहीत, म्हणून सुटलो. आता मानतो.

खालच्या उजव्या कोपऱ्यातला गोळा मात्र मी अजून मान्य केलेला नाही. नव्या शून्यानंही तो तिथेच आहे, तिन्ही वेळा. पण तो जवळच्या ठळक ताऱ्याच्या अगदी सरळ रेषेत येतो, आणि माझ्या मते तो कॅमेऱ्यातल्या काचेवरून उलटा फिरलेला उजेड आहे. तुम्ही असता तर "काच कशाला तितं उजेड पाडंल" म्हणून वाद घातला असता, आणि माझ्याकडे उत्तर होतं. याच दीर्घिकेची, दुर्बीण वेगळ्या कोनात फिरवून घेतलेली एखादी प्रतिमा मिळते का ते शोधतो आहे. गोळा जागचा हलला तर काचेचा, नाही हलला तर तुमचा.

वहीत त्याची वेगळी ओळ घातली. लाल टॅग लावला नाही, पासही केलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात शेवटी लिहिलं: बघू.